घर घ्यायचं तर डोंगर पाहून!

मागच्या दिवाळीत अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला. घर शोधतोय म्हणाला. मी आपलं सवयीप्रमाणे विचारलं, "ऑफिस किती लांब पडेल रे? बाजार जवळ आहे ना?" तर म्हणतो, "मावशी, ते नंतर. आधी बर्फ किती पडतो ते पाहतोय!"

त्याला बर्फावर पळणाऱ्या स्कूटरचं वेड आहे. आपली मंडळी गुलमर्गला किंवा सोलंगला सहलीला गेली की पाच-दहा मिनिटं जिच्यावर बसून फोटो काढून घेतात ना, तीच ती. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे फिरता पट्टा. तिकडे लोक तिच्यावर बसून डोंगरच्या डोंगर पालथे घालतात. माँटाना राज्यातल्या वेस्ट येलोस्टोन या गावात तर म्हणे घराच्या दारातून स्कूटर काढायची आणि थेट रानवाटेला लागायचं. भाच्याने रीतसर वही केली होती. बर्फ किती पडतो, किती महिने टिकतो, दारातून निघता येतं की स्कूटर गाडीवर लादून न्यावी लागते, वरून बर्फाचे कडे कोसळायची भीती कुठे आहे, आणि दवाखाना किती लांब!

फोन ठेवल्यावर आम्ही सगळे हसलो. पण मैत्रिणींनो, रात्री अंथरुणावर पडल्यावर मला काही हसू येईना. आपण घर कसं निवडतो हो? यांचं ऑफिस, मुलांची शाळा, सासूबाईंचे डॉक्टर आणि चौरस फुटाचा भाव. या यादीत घरच्या बाईला काय हवं, असा रकाना कधी असतो का?

माळ्यावरचे बूट

तेव्हा आमच्याकडे घराचाच प्रश्न होता. अंधेरीची आमची इमारत पुनर्विकासाला निघाली होती आणि तीन वर्षं कुठेतरी भाड्याने राहायचं होतं. आवराआवर करताना माळ्यावरून एक खोका निघाला. त्यात माझे कॉलेजातले डोंगर चढायचे बूट! लग्नाआधी मी दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या गडावर जात असे. लग्न होऊन अंधेरीला आले आणि बूट माळ्यावर गेले. अठरा वर्षांनी ते हातात घेतले, तर तळव्यांचा अक्षरशः भुगा झाला. वापरलेलं पादत्राण झिजतं, हे ठाऊक होतं. न वापरलेलं कुजतं, हे त्या दिवशी कळलं.

लेक शेजारी उभी होती. म्हणाली, "आई, तू डोंगर चढायचीस?" तिला ठाऊकच नव्हतं! त्याक्षणी मी ठरवलं, ही तीन वर्षं आपला रकाना वर.

किलोमीटर नको, रविवार मोजा

मीही वही केली. चार ठिकाणं डोळ्यांसमोर होती: आहोत तीच अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड. डोंगर घरापासून किती किलोमीटर, हा हिशेब मात्र फसवा बरं का! आपल्या बायकांचा खरा हिशेब तासांचा. पहाटे दार ओढून घेतल्यापासून संध्याकाळी परत येऊन कुकर लावेपर्यंत फार तर बारा-तेरा तास. त्यात जो डोंगर बसतो, तोच आपला. बाकीचे वर्षातून एकदा, तेही सगळ्यांची मनधरणी करून.

अंधेरीला स्वतःचा डोंगर नाही असं नाही. पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे. साठेक मीटर उंचीचा काळ्या बेसाल्टचा उभा सुळका, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. वर गावदेवीचं देऊळ, चढायला पायऱ्या. पूर्वेला महाकाली गुंफा. पण सकाळचा चहा निवायच्या आत दोन्ही होतात. सह्याद्रीत जायचं तर पूर्वी पाठीवर सॅक घेऊन दादरचा पूल ओलांडावा लागे. ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि हा द्राविडी प्राणायाम संपला. तरी मेट्रोतून उतरून पुढची कर्जत किंवा कसारा लोकल धरायची, म्हणजे जाताना आणि येताना वेळ जातोच.

बोरिवलीचं सुख निराळंच. स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं फाटक. शंभर चौरस किलोमीटरांहून मोठं रान, आणि तेही मुंबईच्या पोटात! फाटकापासून सहा-सात किलोमीटरवर कान्हेरीची लेणी. शंभराहून अधिक गुंफा, आणि त्यांच्या जोडीला डोंगरात खोदलेली पाण्याची टाकी. पावसाचं पाणी वाटा काढून कसं साठवलं आहे, ते एकदा लेकीसुनांना दाखवाच. सकाळच्या फिरण्यासाठी पास मिळतो. सोमवारी मात्र उद्यान बंद असतं. ज्यांना रोज तासभर झाडीत चालायचं आहे, ज्यांचे गुडघे आता मोठा चढ नको म्हणतात, त्यांनी डोळे मिटून बोरिवली घ्यावी. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते, त्यामुळे सफाळ्याजवळचा तांदूळवाडीचा गड किंवा पालघरचा काळदुर्ग रविवारात बसतो. पण सह्याद्रीची मुख्य रांग इथून आडच. ठाणे-बोरिवली बोगदा झाला की पाहू. बोगद्याच्या भरवशावर आज घर घेऊ नये, एवढंच सांगते.

घाटकोपर म्हणजे तडजोडीचं घर. नवऱ्याची मेट्रो आणि बायकोची लोकल एकाच स्टेशनात! यांचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, त्यामुळे हे घाटकोपरवर खूश होते. आम्ही घरं पाहायलाही गेलो. दलाल एका टेकडीच्या पायथ्याची जागा दाखवून म्हणाला, "ताई, खिडकीतून डोंगर!" खिडकीतून डोंगर होता खरा, पण मला २००० सालचा जुलै आठवला. तेव्हा घाटकोपरच्याच आझादनगर भागात मुसळधार पावसात दरड कोसळून साठांहून अधिक माणसं गेली होती. ती काही हौसेने डोंगराखाली राहत नव्हती. दुसरीकडे परवडत नव्हतं म्हणून राहत होती. आपल्याला निवड करता येते, तर ती डोळे उघडे ठेवून करावी. डोंगराजवळ राहणं वेगळं आणि डोंगराच्या पोटाखाली राहणं वेगळं. जागा पाहायला जाल तर भर पावसात जा. मागची संरक्षक भिंत फुगली आहे का, तिच्यातली पाणी जायची भोकं बुजली आहेत का, उतारावरची झाडं कलली आहेत का, हे स्वतः पाहा. भाच्याच्या वहीतला कोसळत्या कड्यांचा रकाना आपल्यालाही लागू आहे!

लोकल थांबते तिथे घाट सुरू होतो

राहिलं मुलुंड. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, ती याच वाटेने. पुढे कल्याणला रुळांना दोन फाटे फुटतात. एक जातो कर्जतला, म्हणजे बोरघाटाच्या पायथ्याला. दुसरा कसाऱ्याला, थळघाटाच्या पायथ्याला. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून गाडी वर चढली. आजही लोकल या दोन पायथ्यांपर्यंतच जाते. म्हणजे पाहा, लोकल जिथे थांबते तिथूनच सह्याद्रीची भिंत उभी राहते. मुलुंडहून कर्जत सुमारे सत्तर किलोमीटर, कसारा नव्वद. अंधेरीवाली बाई मेट्रो बदलून फलाटावर येईतो मुलुंडवाली ठाणं ओलांडून पुढे गेलेली असते.

आणि वाटेवर एकेका स्टेशनाला एकेक गड! वांगणीला चंदेरी (हा मात्र नवख्यांनी एकटीने करू नये), नेरळला पेब आणि माथेरान, कर्जतहून कोथळीगड, आसनगावला माहुली. माहुलीची आठवण तर प्रत्येकीने ठेवावी. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजा पाठीवर असताना शहाजीराजांनी याच गडाचा आसरा घेतला होता. जिजाबाई आणि लहानगे शिवबा तेव्हा सोबत होते असं सांगतात. मुलुंडात डोंगरवेड्यांची संगतही आहे. चक्रम हायकर्स ही इथलीच जुनी संस्था. संगत असली की घरच्यांचा जीवही निम्मा भांड्यात पडतो.

मुलुंडची उणीवही सांगते. कॉलनीच्या मागचा हिरवा डोंगर रोज खुणावतो, पण ती राष्ट्रीय उद्यानाची हद्द. परवानगीशिवाय तिथे पाऊल टाकायचं नाही. बिबट्यांचं घर आहे ते, आपलं नव्हे.

थोडं कामाचं

• जुने बूट आधी हाताने वाकवून पाहा. तळव्याला बारीक भेगा दिसल्या तर माया करू नका, टाकून द्या.

• डब्यात दुधातल्या दशम्या किंवा मेथीचे ठेपले न्या, ते दिवसभर मऊ राहतात. कांदा-टोमॅटोची भाजी नको. जोडीला गूळ-शेंगदाणे.

• प्रत्येकी तीन लिटर पाणी. त्यातल्या एका बाटलीत लिंबू, मीठ, साखर.

• घरी कागदावर लिहून ठेवा: कुठला गड, पायथ्याचं गाव, सोबत कोण आणि परतीची लोकल कोणती.

• भर पावसात धबधब्याखाली आणि ओढ्यात उतरू नका. वर पडलेला पाऊस खाली उशिरा पोचतो आणि मग पाणी एकदम चढतं.

आमचं काय ठरलं?

घरात आठवडाभर धुसफूस झाली. "वर्षातून चार वेळा डोंगरावर जाणार, त्यासाठी मी रोज अर्धा तास जास्त प्रवास करायचा?" हे म्हणाले. चूक नव्हतं त्यांचं. मी गप्प बसले. बोलल्या त्या सासूबाई. "अरे, तुझ्या ऑफिसपायी ती अठरा वर्षं अंधेरीला राहिली. तीन वर्षं तू राहा. रविवारचा वरणभात मी लावीन."

मुलुंडला अकरा महिन्यांच्या करारावर घर घेतलं. तुम्हालाही हेच सांगेन. विकत घेण्याआधी एक पावसाळा आणि एक हिवाळा भाड्याने काढा. हौस खरी की नुसता हुरूप, ते कळतं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरात डोंगरावर गेले त्या रविवारांवर लाल खूण करते. दहा महिन्यांत सतरा खुणा झाल्या. त्यातल्या अकरा लेकीबरोबर. दोन यांच्याबरोबर, कुरकुरत का होईना!

कळसूबाई मात्र एकदाच झाली. राज्यातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. कसाऱ्याहून जीपने बारी गावी जायचं. माझ्या बारा-तेरा तासांत काही ते बसत नाही. तिथली लोककथा ठाऊक आहे ना? कळसू नावाची कोळ्याची पोर कुणाच्या घरी कामाला राहिली, ती एका अटीवर: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एके दिवशी घरच्यांनी नेमकी तीच कामं सांगितली. तिने ती मुकाट्याने केली आणि तडक डोंगर चढून गेली. पुन्हा खाली आलीच नाही.

शिखरावरच्या तिच्या इवल्याशा देवळात मी आणि लेकीने ओटी भरली. आम्ही काही कळसू नव्हे. आम्हाला खाली यायचं होतं, भांडी घासायची होती, सोमवारचे डबे करायचे होते. पण म्हणूनच तर घर डोंगराजवळ हवं! पुढच्या वर्षी अंधेरीची इमारत तयार होईल. परत जायचं की नाही, हा वाद आत्तापासूनच रंगलाय. या वेळी यादीत माझा रकाना आहे, आणि त्याखाली लेकीने गुपचूप आपलाही एक आखून ठेवलाय.