दुचाकीवरचा साक्षीदार

बारामतीहून इंदापूरला जाणारा रस्ता आम्हां उभयतांना तोंडपाठ आहे. काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी. नुसती नावे उच्चारली तरी वळणे डोळ्यांपुढे उभी राहतात. तुकोबांची पालखी याच वाटेने पंढरीस जाते. काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीस अश्वांचे. तेवढ्या दिवसांपुरती ही वाट पायी चालणाऱ्यांची असते. एरवी ती राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९६५ जी आहे. पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची कोनशिला ८ नोव्हेंबर २०२१ रोजी बसली. तेव्हापासून रस्ता बराच रुंदावला आणि त्याबरोबर वेगही वाढला.

चौपदरी रस्त्याने एक संकट कमी केले व दुसरे वाढविले. पूर्वी समोरून कुणी दुसऱ्या वाहनास मागे टाकीत आपल्या अंगावर येई. आता मधे दुभाजक आहे. पण दुभाजकातली मोकळी जागा लांब पडते, म्हणून शेताकडे वळू पाहणारा गडी सरळ उलट दिशेनेच निघतो. गेल्या कार्तिकात, एका तिन्हीसांजेला, लासुर्ण्याच्या पुढे आमच्याच बाजूने एक टेम्पो समोर आला. दिवे बंद होते. गाडी कडेच्या मातीत उतरविली, म्हणून निभावले. मागे बसलेल्या सौभाग्यवतींच्या गुडघ्याला सात टाके पडले. दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो, तेव्हा हवालदारांनी आस्थेने बसवून घेतले, पाणी दिले आणि विचारले, “नंबर?” नंबर आमच्यापाशी नव्हता. तक्रार तेथेच संपली.

घरी परतताना त्या म्हणाल्या, “अहो, आपल्याला एक साक्षीदार हवा.” कॅमेरा घेण्याचा विचार असा जन्मास आला.

वाचकहो, दुकानात गेल्यावर प्रथम भुरळ पडते ती हेल्मेटवर बसणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याची. मान वळेल तिकडे तो पाहतो, हे खरे. पण त्याची बॅटरी तास-दीड तासात मान टाकते आणि वैशाखाच्या उन्हात तो तापून बंद पडतो. शिवाय हेल्मेट हे डोके वाचविण्यासाठी आय. एस. ४१५१ या मानकानुसार घडविलेले असते. त्यावर कठीण उंचवटा बसविला, तर पडताना नेमका तोच कवटीवर भार टाकील, अशी शंका घेण्यास जागा आहे. केरळच्या मोटार वाहन खात्याने २०२२ साली याच कारणास्तव हेल्मेटवरील कॅमेऱ्यास हरकत घेतली होती. आम्ही तो मोह सोडला.

उरला गाडीवरच बसणारा, पुढे एक व मागे एक अशा दोन डोळ्यांचा, गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा प्रकार. किल्ली फिरविली की सुरू, काढली की बंद. विसरण्याची सोयच नाही, आणि आमच्या वयात हा मोठाच गुण होय. कार्ड भरले की जुने पुसून त्यावर नवे लिहिले जाते. म्हणून कार्डही सतत लिहिणे-पुसणे सोसणारे, खास टिकाऊ जातीचे घ्यावे लागते. मोबाइलमधले साधे कार्ड लवकर झिजते. धक्का बसताच त्या क्षणाचे चित्रण आपोआप राखून ठेवण्याची युक्तीही या यंत्रात असते. मोटारीत ती उपयोगी खरी. दुचाकीवर मात्र प्रत्येक खड्डा म्हणजे तिला अपघात वाटतो आणि राखीव चित्रणानेच कार्ड भरून जाते. आमच्या भाच्याने ती संवेदना अगदी मंद करून दिली.

विक्रेते कॅमेऱ्याचा कोन अभिमानाने सांगतात. १७० अंश म्हणजे जणू सारे जगच. पण दृश्य जितके रुंद, तितकी त्यातली नंबरपाटी बारीक. आम्ही कागद घेऊन हिशेब मांडला. आपण ताशी ६० किलोमीटरने चाललो आहोत आणि समोरचाही ६०नेच येतो आहे, तर दोघांमधले अंतर सेकंदाला सुमारे ३३ मीटरने तुटते. कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे घेत असेल, तर दोन चित्रांमध्ये वाहन मीटरभर पुढे सरकलेले असते. पाटी वाचता येण्याजोगे अंतर पाच-सात मीटर धरले, तर हाती पाच-सहा चित्रे लागणार. सांजवेळी तीही फरफटलेली. म्हणून सेकंदाला ६० चित्रे घेणारा आणि कोन जरा आखूड असलेला कॅमेरा आम्ही निवडला. मागून येऊन दामटत पुढे जाणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याचा आपला वेग फारसा भिन्न नसतो. त्याची मागची पाटी सावकाश वाचता येते. सांगायचे ते हे की, उलट दिशेने येणारा जो सर्वांत घातक, तोच या साक्षीदाराच्या हाती सर्वांत कमी लागतो. आमचा टेम्पो त्याला दिसला असता का? सात टाक्यांची किंमत चुकविल्यावर हा प्रश्न विचारणे सुखाचे नाही.

चित्रण हाती आले म्हणजे पुरावा झाला, असे मात्र नव्हे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ अन्वये विद्युत नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात त्या नोंदीचा हॅश, म्हणजे अंकरूपी ठसा, नमूद करावा लागतो. तेव्हा चित्रण कापू नये, त्याला गाणे जोडू नये, मूळ कार्ड सांभाळून ठेवावे. आणि सर्वांत आधी कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर लावावे. बेदरकार चालविण्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये २०१९च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्यास सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नेमून दिलेल्या प्रवाहाविरुद्ध वाहन हाकणे त्यात स्पष्ट शब्दांत आले आहे.

गोव्याच्या पोलिसांनी २०१७ साली नागरिकांकडून अशी चित्रे मागविण्याची ‘ट्रॅफिक सेंटिनल’ योजना काढली आणि चित्रांसाठी बक्षिसाचे गुण ठेवले. गुणांमागे पैसा आला आणि पैशामागे लोकांचा रोष. शेजाऱ्याच्या चुकीवर कमाई करणारा माणूस कुणालाच रुचत नाही. दिल्लीच्या पोलिसांनी २०२४ साली ‘ट्रॅफिक प्रहरी’च्या रूपाने बक्षिसाचाच मार्ग पुन्हा धरला. आम्हांला तो पटत नाही. जे चित्रण पोलिसांना द्यायचे, ते फुकट द्यावे आणि केवळ पोलिसांनाच द्यावे. गावाच्या व्हॉट्सॲपवर फिरवू नये. रस्त्याकडेला पाणी भरणाऱ्या बायका, शाळेतून सुटलेली पोरे, कुणाच्या अंगणातले भांडण, सारे त्या काचेत शिरते. कॅमेऱ्याचा ध्वनिग्राहक आम्ही पहिल्याच दिवशी बंद केला.

मग उसाचा हंगाम आला. भवानीनगरच्या छत्रपती कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्री चालू लागले. मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, नंबरपाटी उसाच्या वाढ्यांखाली झाकलेली. आमच्या कॅमेऱ्यात एकदा असा एक ट्रॅक्टर आला, उलट दिशेने. पुढची पाटी कशीबशी वाचता आली आणि वाचताच आम्ही एकमेकांकडे पाहिले. ट्रॅक्टर ओळखीच्या घरचा होता. आमच्या मुलीच्या लग्नात त्या घरच्या पोरांनी पंगती वाढल्या होत्या. हाकणारा गडी बीडकडचा. खेपांवर पोट असलेला. दंडाची रक्कम त्याच्याच उचलीतून कापली जाण्याचा संभव होता.

सौभाग्यवती म्हणाल्या, “टेम्पोवाला अनोळखी होता, म्हणून त्याचा नंबर हवा होता का?” यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. दोन दिवस घरात बोलणे कमीच झाले. तिसऱ्या दिवशी चित्रण घेऊन आम्ही त्या घरी गेलो आणि मालकाच्या म्हाताऱ्या आईला ते दाखविले. तिने दोनदा पाहिले. मग मुलाला हाक मारून एवढेच विचारले, “हे कुणाचं रं?”

आता त्यांच्या एका ट्रॉलीला लाल-पिवळी पट्टी व दिवा लागला आहे. दुसरी ट्रॉली भाड्याची आहे, तिच्या मालकाशी बोलणे चालू आहे असे म्हणतात. ते चित्रण आम्ही पुसलेले नाही.