सेक्शन १९ मधला मी

अमेरिकन सरकारच्या एका फॉर्मवर मी आता 'परदेशी संपर्क' आहे. घाबरू नका, मी काही केलेलं नाही. माझा मावसभाऊ, आमचा दादा, काही वर्षांपूर्वी तिकडचा नागरिक झाला. आता कंपनी त्याला संरक्षण खात्याच्या कामावर घेतेय आणि त्यासाठी सिक्युरिटी क्लिअरन्स लागतो. म्हणजे आधी एसएफ-८६ भरा. फॉर्म कसला, पोथीच ती! शंभराच्या वर पानं.

सेक्शन १८ मध्ये आईवडील, भावंडं, मुलं, सासूसासरे. मावसभाऊ त्यात बसत नाही. मग येतो सेक्शन १९: गेल्या ७ वर्षांत आपुलकी, प्रभाव, समान हितसंबंध किंवा बांधिलकीने जोडलेल्या कुणा परदेशी नागरिकाशी तुमचा जवळचा किंवा सततचा संपर्क आहे का? अहो, ही तर आमच्या घरची लग्नपत्रिका वाटायची यादी झाली! दर रविवारी आमचा फोन असतो, त्यामुळे माझा नंबर लागलाच.

पुढे मावशीला पाठवतो ते पैसे, तिच्याबरोबर जोडनावावर असलेला कोथरूडचा फ्लॅट, सगळं लिहायचं. शिवाय नातेवाईक परदेशी सरकारात किंवा संरक्षण उद्योगात आहेत का? काका खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झालेले. घ्या!

२०१७ पासून लागू असलेल्या नियमांत 'गाईडलाईन बी' म्हणजे परकीय प्रभाव. नुसते नातेवाईक परदेशात आहेत म्हणून नकार मिळत नाही. देश कुठला, तिथलं सरकार हेरगिरी करतं का, माणसांवर दबाव आणतं का, नातेवाईक काय करतात, आणि अमेरिकेत तुमची मुळं किती खोल गेलीत, हे सगळं एकत्र तोललं जातं. संरक्षण खात्याचं अपील कार्यालय अर्जदारांची नावं काढून निकाल नेटवर टाकतं. मी बरेच वाचले (वीकेंडला माणूस काय काय करतो!). चीन, इराण, रशियात आईवडील असलेल्यांवर ओझं फार जास्त. भारत त्या रांगेत नाही, पण म्हणून सूटही नाही. आणि शंका उरली, तर तिचा फायदा अर्जदाराला नाही, देशाला.

तर्क पटतो मला. ज्याच्यावर जीव आहे, त्याच्याच आडून माणसाला वाकवता येतं. पण म्हणजे आईशी जितकं जवळचं नातं, तितकी जोखीम मोठी. हे मात्र घशाखाली उतरत नाही.

संपर्क किती वेळा, असाही रकाना आहे. मावशी म्हणाली, "अरे, लिही की वर्षातून एकदा. मी नाही करणार फोन काही दिवस. तुझं काम होऊ दे आधी."

दादा वैतागलाच. खोटं लिहिणं हा वेगळा आणि जास्त वाईट मुद्दा ठरतो, हे त्याने तिला समजावलं. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. त्याने 'रोज' वर टिक केलं.

निकाल अजून यायचाय. मावशी हल्ली फोन दोन मिनिटांत आटोपता घेते.