वीणा खाली ठेवत नाहीत



आमचा नातू कोलकात्यात शिकतो. यंदा त्याच्याकडे गेलो, तेव्हा विद्यापीठाभोवतीचा कॉलेज स्ट्रीट त्याने मला पायी हिंडवला. तिथे जे गवसले, ते तुमच्या कानावर घालतो.

बंगाली लोक त्या भागाला बोईपाडा म्हणतात. बोई म्हणजे पुस्तक, पाडा म्हणजे आळी. पंढरीत बुक्क्याची, तुळशीमाळांची दुकाने एकाला एक लागून असतात, तशी इथे पुस्तकांची. महात्मा गांधी रस्त्याच्या चौकातून दक्षिणेला निघालो की उजव्या हाताला प्रेसिडेन्सी. तिचे मूळ १८१७ सालचे हिंदू कॉलेज. तिच्या कुंपणाला टेकूनच लाकूड-पत्र्याच्या टपऱ्या. पुढे १८५७ चे कलकत्ता विद्यापीठ आणि १८३५ चे मेडिकल कॉलेज. डावीकडच्या रस्त्यावर संस्कृत कॉलेज आणि पोरांच्या गप्पांनी गजबजलेले कॉफी हाउस.

विद्यापीठासमोर तळे आहे, तिथे ईश्वरचंद्र विद्यासागरांचा पुतळा आहे. त्यांना मी हात जोडले, त्याला कारण आहे. संस्कृत कॉलेजात पूर्वी ब्राह्मण आणि वैद्य जातींच्याच मुलांना प्रवेश होता. १८५१ साली विद्यासागर तिथे प्राचार्य झाले आणि त्यांनी ते दार इतर जातींच्या मुलांनाही उघडून दिले. ज्ञानोबारायांनी गीता मराठीत आणून सर्वांच्या पंगतीला वाढली. त्या घराण्याचा टिळा लावणाऱ्याला हा माणूस परका कसा वाटेल?

एका टपरीत जुन्या पुस्तकांची चळत होती. संस्कृत व्याकरणाचे एक जीर्ण पुस्तक उघडले, तर पहिल्या पानावर तीन नावे. तीन अक्षरे, तीन शाया. एकाने शिकून दुसऱ्याला दिले, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेले. आता ते चौथ्याची वाट पाहत होते. नातू म्हणाला, "आबा, इथे पुस्तक म्हातारं होतं, पण रिकामं बसत नाही."

माउली, सप्ताहातला वीणा आठवा. अहोरात्र तो कोणाच्या तरी गळ्यात असतो. पहारा बदलताना दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जातो. जमिनीला टेकत नाही. देणारा मोकळा होतो, नामाला खंड पडत नाही.

माझ्या ट्रंकेत कीर्तनाच्या अकरा वह्या आहेत. गुरुजींनी सांगितलेली प्रमाणे, दृष्टांत, कुठल्या चरणाला कुठली चाल, सगळे माझ्या हातचे. गळा बसला आणि दोन वर्षांपूर्वी कीर्तन थांबले. मुलाला त्या वह्या वाचता येतात, पण त्याला त्या मांडून उभे राहायचे नाही. कोणी म्हणाले, "काचेच्या कपाटात ठेवा, जपून राहतील." मला ते रुचेना, आणि हातावेगळ्या करायलाही जीव धजेना. शेवटची वही गेली की आपण कीर्तनकार उरलो नाही, असे वाटे.

त्या तीन नावांपाशी उत्तर मिळाले. पहिल्या नावाच्या माणसाचे काय झाले कोण जाणे. पण त्याचे नाव अजून शिकणाऱ्याच्या हातात होते. कपाटातली वही जपली जाईल, पण ती खाली ठेवलेला वीणा होईल.

म्हणून कार्तिकीला आळंदीला वह्या घेऊन निघतो आहे. तिथे शिकणाऱ्या अकरा मुलांना एकेक देणार. अट एवढीच, की माझ्या नावाखाली आपले नाव लिहायचे, आणि आपले काम झाले की पुढच्याच्या हाती द्यायची. देताना मी त्या पोरांच्या पाया पडणार आहे. पहारा बदलताना तीच रीत आहे.

तुमच्याही घरी एखादी वही असेल, पखवाजाचा हात असेल, आजीच्या तोंडची एखादी चाल असेल. गळा शाबूत आहे तोवर पुढचा गळा शोधा, माउली.

रामकृष्णहरी.