बदलीवरचा डिटेक्टिव्ह

रोज रात्री एक खून पाहिल्यावाचून मला अलीकडे झोप येत नाही, असे मी कचेरीत सांगितले, तेव्हा शेजारच्या टेबलावरील गृहस्थांनी आपली खुर्ची चार बोटे पलीकडे सरकवली. परंतु हे खून फार सभ्य असतात. रक्त बेताचे, आक्रोश त्याहून बेताचा. आणि तासाभरात सर्व संशयितांना एकत्र बसवून खुनी कोण हे रीतसर सांगितले जाते. मग सारी मंडळी मद्यगृहात जाऊन हसत बसतात. फायली इतक्या सुखाने बंद होताना मी अन्यत्र कोठेही पाहिलेल्या नाहीत.

बी.बी.सी.ने २०११ साली सुरू केलेली 'डेथ इन पॅरेडाइज' ही ती मालिका. कॅरिबियन समुद्रातील सेंट मरी या कल्पित बेटावर रिचर्ड पूल नावाचा इंग्रज पोलीस अधिकारी एका खुनाच्या तपासासाठी येतो. तपास संपतो, आता परत जायचे म्हणून स्वारी खुशीत असते. आणि वरून हुकूम येतो की, तू आता तिथेच राहा! आपल्यापैकी ज्यांनी बदलीचा कागद एकदा तरी हातात धरला आहे, त्यांना या प्रसंगातील विनोद समजावून सांगावा लागणार नाही. तो विनोद आहे की नाही, याविषयी मात्र मतभेद संभवतो.

हा पूल त्या रणरणत्या उन्हात लोकरी सूट घालून, हातात ब्रीफकेस घेऊन वाळूतून चालतो. त्याला मनासारखा चहा मिळत नाही, समुद्र आवडत नाही, वाळू तर मुळीच नाही. पाहणारा हसतो. मीही हसतो, पण कावेरीच्या मुखाकडील या भातखाचरांच्या मुलखात तीन वर्षे काढल्यावर ते हसणे थोडे जपून येते. लोकरी सूट आम्हीही घालतोच. कुणाचा सूट म्हणजे घरून पार्सलने येणारा गोडा मसाला, कुणाचा म्हणजे 'वणक्कम'ला हट्टाने दिलेला 'नमस्कार'. आपण इथले नव्हे, हे अंगावर कोठेतरी दिसले पाहिजे ना!

पूलच्या समुद्रकाठच्या झोपडीत एक हिरवा सरडा राहतो. पूल त्याचे नाव हॅरी ठेवतो आणि एकटेपणी त्याच्याशी बोलतो. आमच्या बिऱ्हाडातली पाल इतकी मनमिळाऊ नाही. मात्र पालीवरूनच माझे तमिळचे शिक्षण सुरू झाले. पहिल्याच पहाटे दाराशी कुणीतरी 'पाल, पाल' असे ओरडू लागले आणि माझी पत्नी अंथरुणावर उभी राहिली. बाहेर दूधवाला होता. तमिळमध्ये पाल म्हणजे दूध. आपल्या पालीला इथे पल्ली म्हणतात. तेव्हापासून आमच्या घरात दूध आणि पाल यांची नावे फार विचारपूर्वक उच्चारली जातात.

घरमालकीण बाईंना आम्ही मामी म्हणतो. इथे वडीलधाऱ्या बाईला मामीच म्हणतात. एवढ्या एका शब्दासाठी तरी मला दुभाषा लागला नाही. मामी रात्री आमच्याकडे मालिका पाहायला येतात. त्यांना तो इंग्रजी उच्चार फारसा कळत नाही, आणि म्हणूनच बहुधा खुनी त्यांना आधी ओळखू येतो. त्यांचा नियम साधा आहे: जो फार अदबीने बोलतो त्याच्यावर नजर ठेवावी. सरकारी नोकरीत हा नियम मी वापरून पाहिला, वाईट नाही.

"आमच्याकडेही असा एक होता," असे म्हणून त्यांनीच मला शांबूची ओळख करून दिली. आमच्या आडुतुरैच्या अलीकडचे स्टेशन तिरुविडैमरुदूर. गादी गेल्यावर तंजावरचे अमरसिंह राजे तेथेच येऊन राहिले होते, एवढे मला ठाऊक होते. पण १९१३ साली त्याच गावी जन्मलेले महादेवन, 'आनंद विकटन'मध्ये 'देवन' या नावाने लिहिणारे विनोदी लेखक, मला अपरिचित होते. त्यांचा 'तुप्परियुम शांबू' म्हणजे गुप्तहेर शांबू. हा कोण, तर बँकेतील एक मठ्ठ कारकून! तो भलतीकडेच जातो, भलतेच करतो आणि नेमका गुन्हेगार हाती लागतो. जग त्याला बुद्धिमान समजते. बडोद्यास बसून चिं. वि. जोशींनी चिमणराव लिहिला. त्याचा हा कावेरीकाठचा मावसभाऊ. इंग्रज डिटेक्टिव्ह बुद्धीने जिंकतो, आमचा कारकून नशिबाने. दुसरी गोष्ट मला अधिक वास्तववादी वाटते.

गंमतीची मालिका म्हणून आम्ही पाहत होतो, आणि तिसऱ्या मालिकेच्या पहिल्याच भागात पूलचा खून झाला. हा भाग २०१४ सालचा आहे, म्हणजे बातमी जुनी; पण आमच्या घरी ती त्या रात्री पोहोचली. नवा अधिकारी हंफ्री गुडमन त्याच भागात हजर होतो. तीच खुर्ची, तीच झोपडी, सरडाही तोच. पुढे २०२४ च्या अखेरपर्यंत आणखी तिघे आले. कमिशनर तेवढा प्रत्येकाच्या वेळी एकच. जागा रिकामी राहता कामा नये, हा नियम मी रोज टाइप करतो, पण तो असा डोळ्यांनी पाहिला नव्हता. मामी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, "ह्याची आई कुठे असते?"

माझी आई सांगलीला असते, एकटी. बदलीचा अर्ज देऊन दोन वर्षे होत आली. तो कोणत्या टेबलावर आहे, हे शोधून काढणारा डिटेक्टिव्ह अद्याप जन्मायचा आहे. मामींना मी हे सारे मोडक्या तमिळमध्ये सांगितले. त्यांनी काही सल्ला दिला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला आईला फोन लावायला सांगितला आणि स्वतः तो हातात घेतला. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. पंधरा मिनिटे बोलत होत्या.

आता रोज रात्री मी आईला त्या दिवशीचा खून फोनवरून सांगतो. शेवट आधी सांगायचा नाही, अशी तिची ताकीद असते. ती तिकडून आपला संशयित सांगते, मामी इकडून आपला. परवा दोघींनी एकमुखाने एका गोडबोल्या विधवेला दोषी ठरवले. ती निर्दोष निघाली. आईने डिटेक्टिव्हच चुकला असे जाहीर केले, आणि मी भाषांतर करून सांगताच मामींनी त्याला ताबडतोब अनुमोदन दिले.