शेक्सपिअर आणि नकलनवीस

थ्रेड 👇

२६ एप्रिल १५६४. इंग्लंडमधील स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन येथील होली ट्रिनिटी चर्चच्या नोंदवहीत त्या दिवशीच्या बाप्तिस्म्याची एक लॅटिन ओळ आहे : 'गुलिएल्मुस फिलिउस योहान्नेस शाक्सपेरे'. जॉन शेक्सपिअरचा मुलगा विल्यम. २३ एप्रिल हा नाटककाराचा जन्मदिवस परंपरेने मानलेला. लेखी आधार आहे तो या ओळीचाच.

आणि या ओळीत व्याकरणाची चूक आहे. 'जॉनचा' म्हणायचे तर षष्ठीचे 'योहान्निस' हे रूप हवे होते. लिहिणाऱ्याने प्रथमाच ठेवली.

चूक कोणाची, हे सांगता येत नाही. कारण हे पान १५६४ साली लिहिलेले नाहीच.

प्रत्येक पॅरिशने बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवावी, हा हुकूम आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली काढला. अनेक ठिकाणी नोंदी कागदावर होत, आणि कागद कुजत. म्हणून १५९८ साली फर्मान निघाले : जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवाव्यात, विशेषतः एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीच्या आरंभापासूनच्या, म्हणजे १५५८ पासूनच्या. हे 'विशेषतः' कामचुकारांना फारच सोयीचे ठरले. पुष्कळ पॅरिशांनी आधीची वीस वर्षे सरळ सोडून दिली. स्ट्रॅटफर्डची वहीही १५५८ पासूनच सुरू होते. तिच्या पानांवर व्हिकर रिचर्ड बायफील्ड यांची सही आहे. ज्यावरून ती उतरवली, ते कागद आता नाहीत.

कुळाचा शोध घेणाऱ्याला अशी वही बरेच काही न लिहिताही सांगते. जॉन शेक्सपिअरच्या जोन या मुलीचा बाप्तिस्मा १५५८ सालचा. पुन्हा १५६९ साली त्याच घरात जोन नावाच्याच मुलीचा बाप्तिस्मा. पहिलीच्या दफनाची नोंद सापडत नाही. दुसरीच्या नावावरून पहिली गेल्याचे कळते.

मात्र लेखनिकाचा हात घसरला, तर नसलेले माणूसही जन्माला येते. २७ नोव्हेंबर १५८२ रोजी वूस्टरच्या बिशपच्या दप्तरात विल्यमच्या विवाहपरवान्याची नोंद झाली. वधू : टेंपल ग्राफ्टनची ॲन व्हेटली. दुसऱ्याच दिवशीच्या जामीनपत्रात वधू आहे स्ट्रॅटफर्डची ॲन हॅथवे. एवढ्यावरून काही चरित्रकारांनी एक झिडकारलेली प्रेयसी उभी केली! बहुतेक अभ्यासकांचे उत्तर साधे आहे. त्याच दिवशी त्या दप्तरात व्हेटली आडनावाच्या एका गृहस्थाचे प्रकरण नोंदले गेले होते. लेखनिकाच्या लेखणीत तेच आडनाव राहून गेले असावे.

स्ट्रॅटफर्डच्या नोंदी १८९७ पासून रिचर्ड सॅव्हेज यांच्या संपादनाखाली छापून निघाल्या. आज अशा नक्कला घरबसल्या शोधता येतात. त्या वरदानच आहेत, पण प्रत्येक नक्कल म्हणजे मधला आणखी एक हात. शक्य तेथे मूळ पानाचे छायाचित्र पाहावे, आणि सालाकडे दोनदा. १७५२ पूर्वी इंग्लंडमध्ये नवे वर्ष २५ मार्चला लागे. शेक्सपिअरच्या हॅम्नेट आणि ज्युडिथ या जुळ्यांचा बाप्तिस्मा वहीत २ फेब्रुवारी १५८४ चा दिसतो. आपल्या गणनेने तो १५८५ चा.

हॅम्नेटचे नाव वहीत आणखी एकदा येते. ११ ऑगस्ट १५९६, दफन : 'हॅम्नेट फिलिउस विल्यम शाक्सपेरे'. वय अकरा. येथेही बापाच्या नावाला षष्ठी नाही. लॅटिन ओळीत 'विल्यम' इंग्रजीच राहिले आहे.

ही ओळ चर्मपत्रावर उतरवली गेली, तेव्हा तो विल्यम हयात होता.