काट्याचे तिकीट

1986 साली रेल्वे पेणवरून रोह्यापर्यंत पोहोचली. त्यानंतरच्या एका दिवाळीत आई मला प्रथमच आगगाडीने मुंबईला घेऊन गेली. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात ती मूर्ती रंगवण्याच्या कामाला जात असे. दिव्याला गाडी बदलून आम्ही दादरला उतरलो. फलाटावर रंगीत दिव्यांची उघडझाप करीत वजनाचा काटा उभा होता.

आई त्यावर चढली. तबकडी स्थिरावताच मी खाचेत नाणे टाकले. आत खडखड झाली आणि जाड पुठ्ठ्याचे लहानसे तिकीट खाली पडले. एका बाजूस वजन, दुसऱ्या बाजूस हिंदीतून भविष्य.

"काय लिहिलंय रे?" आईने विचारले. तिला अक्षरओळख नव्हती.

'आपल्या माणसांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका,' असा तिकिटावरील मजकुराचा अर्थ होता. मी वाचून दाखवले, "तुमचे चांगले दिवस जवळ आले आहेत." आईने तिकीट जपून कनवटीला लावले.

पुढे या यंत्रांविषयी वाचताना त्यांची कुळी फार जुनी असल्याचे समजले. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने मंदिरातील पवित्र पाणी देणाऱ्या यंत्राचे वर्णन केले आहे. नाणे तरफेच्या टोकावर पडे, त्याच्या भाराने झडप उघडे आणि नाणे घसरून पडताच ती मिटे. 1972 साली अमेरिकेत आलेला 'पाँग' हा पडद्यावरील खेळही नाणे घेतल्यावरच सुरू होई. अशा यंत्रांत नाण्याची जाडी, व्यास आणि भार पारखला जातो. खोटे नाणे परत येते. काट्यावरील वजनही त्या माणसाचेच असते. भविष्य मात्र आधीच छापून ठेवलेले. हाती येईल ते त्याचे. आणि ते वाचून दाखवणाऱ्याची पारख तर कोणतेच यंत्र करीत नाही.

काही वर्षांनी आई प्रौढ साक्षरता वर्गाला जाऊ लागली. मी तेव्हा भाषाविज्ञान शिकत होतो. शब्द आणि अर्थ यांच्या संबंधावर टिपणे काढीत होतो. एका संध्याकाळी तिने डब्यातून ते तिकीट काढले आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचले. मी मान खाली घातली.

"तुला वाईट वाटू नये म्हणून," मी म्हणालो.

"वाटलं असतं तर वाटलं असतं," ती शांतपणे म्हणाली. "तिकीट माझं होतं."

भाषाविज्ञानाच्या कोणत्याही ग्रंथाने मला इतक्या थोडक्यात काही शिकवलेले नाही. त्यानंतर घरी आलेला प्रत्येक कागद आई आधी स्वतः, ओळीवर बोट ठेवून वाचत असे. मगच माझ्या हाती देई.