बसवलं किती, चाललं किती

वर्धा, ऑगस्ट २०२५

प्रिय नलू,

परवा फोनवर तू विचारलंस, ‘हवामानाचं बदललंय का गं तिकडे खरंच काही, की नुसत्याच बातम्या?’ आणि नेमका फोन कटला. म्हणून लिहायलाच बसले.

पारा ४५ च्या पुढे जातो हे तुला काय सांगायचं, आपण त्यातच वाढलो. छळतात त्या रात्री. दोन वाजताही भिंत गरमच. अर्थात कवेलू उतरवून स्लॅब आपणच टाकला. यात आभाळाचा दोष किती नि आपला किती, देव जाणे. पाहुणे सेवाग्रामला बापूकुटीत शिरले की ‘काय थंड आहे हो!’ म्हणतात. मीराबेनने आसपासच्याच माती-बांबूची बांधलेली ती कुटी. बाहेर आले की गाडीत बसून आधी एसी लावतात. मीही लावते.

वावरात मात्र आभाळच फिरलंय. पाऊस हप्त्याहप्त्याने यायचा, आता एकरकमी येतो. पेरणी झाली की ओढ, मग दुबार पेरणी, आणि नंतर एका रात्रीत वावराचं तळं. २०२२ च्या जुलैत हिंगणघाटात वणा नदीचं पाणी थेट वस्तीत शिरलं होतं. आपली काळी माती पाणी सोडत नाही, पऱ्हाटी उभ्या उभ्या पिवळी पडते. यावर बरं चाललेलं एक साधं काम म्हणजे बीबीएफ, रुंद वरंबा-सरी. पीक वरंब्यावर, जास्तीचं पाणी सरीतून बाहेर, आणि ओढ पडली की त्याच सरीतली ओल कामी येते. पोकरा योजनेतून याचा बराच प्रसार झाला. फोटो काढण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून बातमीत फारसं दिसत नाही.

बातमीत आकडे असतात. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने २०२४ साल औद्योगिक काळाच्या आधीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी गरम होतं. दुसरीकडे, विजेच्या एकूण स्थापित क्षमतेत कोळसा-गॅस-तेलाशिवायचा वाटा निम्म्यावर गेला, २०३० चं उद्दिष्ट पाच वर्षं आधीच गाठलं, असं सरकारने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. खोटं नाही ते. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजून ७० टक्क्यांच्या आसपास कोळसाच! कूलर रात्रभर लागतो आणि सूर्य सातला घरी जातो. क्षमता आणि युनिट यांतला हा फरक कोणी समजावत बसत नाही.

आर्वीकडचं काकडदरा आठवतं? जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत २०१७ ला राज्यात पहिलं आलं. एवढंसं गाव, भर उन्हात श्रमदान. कौतुक वाटलंच पाहिजे. पण अशा गावात गेलं की मी चर किती खणले ते विचारत नाही. चरातला गाळ शेवटचा कधी काढला आणि मे महिन्यात विहिरीला पाणी किती असतं, ते विचारते. लोकांना प्रश्न खवचट वाटतो. वाटू दे.

गल्लीतही तेच. ३ किलोवॅटच्या सोलरला ७८ हजारांची सबसिडी मिळते, त्यामुळे छपरं चमकायला लागलीत. किलोवॅट सगळे सांगतात, पॅनल शेवटचे कधी पुसले ते कोणालाच आठवत नाही.

तुझ्याकडे तो हीट पंप बसवला म्हणालीस. त्याचे फोटो नकोत. जानेवारीचं वीजबिल पाठव, आधीचं आणि नंतरचं, दोन्ही.

तुझी,
वासंती